कमी ऐकू येतं, तर किनाऱ्यावर कोणता मेटल डिटेक्टर चालेल?

पुळणवाट
३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

मी गुहागरची. प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलं, आता वय ६१. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, त्याला ९ वर्षं झाली. शांत खोलीत समोरासमोर बोललेलं नीट कळतं. वाऱ्यात आणि चारचौघांत मात्र पंचाईत होते.

गेल्या दिवाळीत आमच्या पुळणीवर एका नवीन लग्न झालेल्या मुलीचं मंगळसूत्र पडलं. सुरूच्या बनासमोर, पाण्यातून बाहेर येता येता. आम्ही दहा-बाराजण भरती चढेपर्यंत हातांनी वाळू चाळत होतो. नाही मिळालं. ती मुलगी ओल्या कपड्यांत तशीच बसून होती आणि तिची सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "जाऊ दे गं, डाग काय पुन्हा करता येतो." ते दोघींचं बसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दर सुट्टीत कुणाची अंगठी, कुणाची साखळी जातेच. तेव्हाच ठरवलं की गावात वाळूतला धातू शोधणारं एक मशीन हवं आणि ते चालवणारं एक माणूस हवं. सकाळचे दोन तास मला मोकळे असतात, तर ते माणूस मीच का होऊ नये?

मे महिन्यात शेजाऱ्यांच्या भाच्याने त्याचं मशीन आणलं होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष मशीनचा की माझ्या कानाचा हे मला सांगता येत नाही. त्याने वाळूत एक खिळा आणि माझंच चांदीचं जोडवं पुरलं. खिळ्यावर घरघर झाली ती मला स्पष्ट ऐकू आली. जोडव्यावर म्हणे "टिंग" वाजतं. तो वाकून उकरायला लागला तेव्हा मला कळलं की काहीतरी वाजलं असणार. म्हणजे कचरा मला ऐकू येतो आणि दागिना ऐकू येत नाही.

मला मशीन घ्यायचं आहे. ते मुठीत थरथरणारं असावं, की नुसत्या पडद्यावरच्या आकड्यांवर भागतं? कानातली यंत्रं काढून हेडफोन लावायचा की यंत्रांवरूनच? जाणकारांनी कृपया सांगावं. दुकानदाराला विचारलं तर तो फक्त किती खोल जातं तेवढंच सांगतो.

नाखवा_हर्णै
३ नोव्हेंबर, रात्री १०.२५

बाई, नमस्कार. मी २६ वर्षं ट्रॉलरच्या इंजिनावर काढली. डावा कान गेल्यात जमा आहे, उजव्याला यंत्र आहे. चार वर्षांपासून नोक्ता कंपनीचं सिम्प्लेक्स मशीन वापरतो. त्याची मूठ थरथरते, ते मेनूमधून कमी-जास्त करता येतं.

थरथर कामाची आहे, पण तिच्याकडून काय मिळतं ते आधी सांगतो. खाली "काहीतरी आहे" एवढंच ती सांगते. काय आहे ते सांगत नाही. बाटलीचं बूच असो की अंगठी, हाताला दोन्ही सारखीच. म्हणून हात थरथरला की मी थांबतो, त्याच जागेवर दोन बाजूंनी कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची चकती, फिरवतो आणि पडद्यावरचा आकडा बघतो. धातू कोणता असावा याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. आकडा दोन्ही वेळा तोच आला तर उकरतो. उड्या मारायला लागला तर बहुतेक गंजकं लोखंड असतं.

दुसरं म्हणजे कॉइल वाळूला घासू देऊ नका. घासली की दांडीतून वेगळाच हादरा हाताला येतो आणि खऱ्या थरथरीशी त्याची गल्लत होते. जाड हातमोजाही नको. खूप खोलातला बारीक इशारा कानवाल्याला पुसटसा ऐकू येतो, मुठीला तो कळतही नाही, हे मान्य करून चालायचं. पण माणसाचा दागिना त्याच दिवशी शोधायचा असेल तर तो वीतभर वाळूच्या आतच असतो. तुमच्या कामाला थरथर पुरते.

मला आजवर सगळ्यात जास्त काय मिळालं विचाराल तर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची शिशं. पिशवी भरली की रापणवाल्यांना नेऊन देतो.

खोलवर
४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

किनाऱ्यासाठी पल्स इंडक्शनच, म्हणजे झटक्याझटक्याने चुंबकीय लहरी सोडणारं मशीनच घ्या, बाकी सगळं खेळणं आहे. खारं पाणी असो, काळी वाळू असो, त्याला फरक पडत नाही. खोल जाण्यात त्याच्या जवळपास कुणी येत नाही. एकदाच पैसे घाला आणि चांगलं घ्या.

जांभाकाठ
४ नोव्हेंबर, दुपारी १.०५

खोलवर, पल्सबद्दल तुम्ही म्हणता ते खोटं नाही, पण बाईंच्या प्रश्नाला ते लागू पडत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण हीच चूक करून मी एकदा पैसे घालवले आहेत.

साधं मशीन एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चालतं. कोरड्या वाळूत ते झकास. पण ओल्या वाळूतलं मीठ वीज वाहून नेतं, त्यामुळे मशीनला ती वाळूच धातूसारखी भासते. त्यात आपल्या रत्नागिरीकडे वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं काळं खनिज. मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात तो त्या वाळूमुळेच. मिठाचा त्रास एक आणि खनिजाचा दुसरा. एका फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन दोहोंपैकी एकाशीच जुळवून घेऊ शकतं. मग पाण्याच्या रेषेवर गेलं की ते उगाच भुंकत राहतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारी मशीनं दोन्ही त्रास एकदम वजा करतात. मायनलॅबचं इक्विनॉक्स आणि व्हँक्विश, नोक्ताचं लेजेंड, एक्सपीचं डिउस २ ही त्या जातीची.

आता कानाचा मुद्दा. मशीन खोटं भुंकलं तर नीट ऐकू येणारा माणूस दोन दिवसांत ते ओळखायला शिकतो. खोटा आवाज तुटक असतो, खरा गोल असतो. पण ज्याला तो फरक ऐकूच येत नाही, त्याच्या मुठीला खोटी आणि खरी थरथर सारखीच लागते. म्हणून ज्याचा कान अधू आहे त्याला इतरांपेक्षाही शांत, स्थिर मशीन लागतं. खोली चार बोटं कमी मिळाली तरी चालेल, पण मशीन उगाच बोलता कामा नये.

पल्सचं उलटं आहे. ते खोल जातं, मिठाला भीत नाही, पण लोखंड आणि सोनं यांत फरक करत नाही आणि बहुतेक पल्स मशीनांत भरवशाचा आकडा दिसत नाही. सगळा भार बारीक सुरातल्या चढउतारावर असतो. बाईंच्या हातात ते देणं म्हणजे जे त्यांना जमत नाही तेवढंच त्यांच्याकडून करून घेणं.

व्हँक्विशबद्दल एक सूचना. त्याची कॉइल पाण्यात चालते, वरची पेटी चालत नाही. लाटेच्या पट्ट्यात काम करायचं असेल तर लेजेंड किंवा इक्विनॉक्ससारखं पूर्ण पाणीरोधक बघा.

खोलवर
४ नोव्हेंबर, दुपारी १.५०

पटलं. मी माझ्या कानाने विचार करत होतो.

कानगोष्ट
४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मी श्रवणतज्ज्ञ आहे, कोकणातच काम करते. मेटल डिटेक्टर मी कधी हातात धरलेला नाही, पण पुळणवाट यांनी लिहिलेला तो जोडव्याचा प्रसंग वाचून गप्प बसवेना.

बाई, तुम्हाला "टिंग" ऐकू आलं नाही याची दोन कारणं असू शकतात, आणि दुसरं बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

पहिलं कारण उघड आहे. वयाबरोबर किंवा मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहून कान जातो तेव्हा आधी उंच स्वर जातात. घरघर हा खालचा स्वर, तो शाबूत राहतो. मशीनं लोखंडाला खालचा आणि चांदी-तांब्याला वरचा स्वर देतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला नेमकी उलटी निवड आली.

दुसरं कारण तुमच्या कानातल्या यंत्रात आहे. आजची यंत्रं माणसाचं बोलणं पुढे आणण्यासाठी बनवलेली असतात. पंख्याची घूं, सलग शिटी असं काही आलं की ती त्याला गोंगाट समजून दाबतात. यंत्राची स्वतःची शिटी रोखणारी एक सोय असते, ती तर एकसुरी स्वराच्या मागेच असते. डिटेक्टरचा आवाज हा अगदी तसाच एकसुरी स्वर. म्हणजे मशीन वाजतं आणि कानातलं यंत्र इमानदारीने तो आवाज पुसून टाकतं. यावर उपाय आहे. तुमच्या श्रवणतज्ज्ञांना सांगून यंत्रात एक वेगळा प्रोग्राम करून घ्या, ज्यात गोंगाट दाबणं बंद आणि शिटी रोखणं कमीत कमी असेल. संगीत ऐकण्यासाठीचा प्रोग्राम असतो त्याच धर्तीवर. जाताना डिटेक्टर किंवा निदान त्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घेऊन जा आणि तिथेच वाजवून बघा.

आता हेडफोन. कानामागची यंत्रं ठेवूनच लावायचा असेल तर मोठ्या वाटीचा, पूर्ण कान झाकणारा घ्या. वाटी यंत्राच्या माइकला टेकली तर यंत्र शिटी मारतं. यंत्रं काढून हेडफोन लावला तर लोक आवाज भरमसाट वाढवतात आणि उरलेला कान त्यात जातो. अधू कानाची एक अडचण अशी की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज एकदम टोचतो. मधला पट्टा अरुंद असतो. म्हणून मशीनच्या मेनूत कमाल आवाज बांधून ठेवा. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही कारखान्यांत सुरक्षिततेची सीमा मानतात, आणि आवाज तीन डेसिबल वाढला की वेळ निम्मी धरायची.

हाडातून ऐकवणाऱ्या हेडफोनबद्दल विचारणारे बरेच भेटतात. पडद्याला छिद्र, कान वाहणं, कानातली हाडं जखडणं असा दोष असेल तर ते उत्तम चालतात, कारण आवाज बाहेरचा बिघडलेला रस्ता टाळून आत पोचतो. पण दोष आतल्या नसेचा असेल तर हाडातून पाठवा की हवेतून, पोचतो त्याच थकलेल्या ठिकाणी. तुमच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, हवेची आणि हाडाची अशा दोन रेषा असतील. दोहोंत मोठं अंतर असेल तरच हाडाच्या हेडफोनवर पैसे घाला.

ऑडिओग्राम इथे टाकलात तर आणखी सांगता येईल.

पुळणवाट
५ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

कानगोष्ट ताई, तुमचं रात्री वाचलं आणि मला झोपच लागली नाही. नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. देवळातल्या पेटीचा लांब धरलेला सूर मधेच विरतो असं मी किती वेळा म्हटलं असेल, घरचे म्हणायचे भास आहे.

ऑडिओग्राम फेब्रुवारीचा आहे. दोन्ही कान जवळपास सारखे. ५०० हर्ट्झला ३०, १००० ला ४५, २००० ला ६५, ४००० ला ८५ डेसिबल, म्हणजे स्वर जितका उंच तितकं कमी ऐकू येतं. हवेची आणि हाडाची रेषा जवळजवळ एकावर एक आहे. डाव्या कानात सतत बारीक किर्र आवाजही असतो.

कानगोष्ट
५ नोव्हेंबर, दुपारी २.१५

म्हणजे दोष नसेचा आहे. हाडाचे हेडफोन विसरा. दुसरी गोष्ट, तुमचा ३०० ते ७०० हर्ट्झचा पट्टा अजून चांगला आहे, म्हणून ज्या मशीनमध्ये स्वराची उंची आपल्याला हवी तशी खाली आणता येते तेच घ्या. तुमची पहिली अट हीच ठेवा, थरथर दुसरी.

कानातल्या किर्र आवाजाबद्दल. काही मशीनं इशारा नसतानाही एक बारीक सलग सूर चालू ठेवतात, तो हलला की खाली धातू. ज्यांच्या कानात आधीच किर्र आहे त्यांची त्यात फार दमणूक होते. तो सूर बंद करता येत असेल तर बंदच ठेवा.

जांभाकाठ
५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

स्वर खाली आणण्याची सोय लेजेंडमध्ये आहे. लोखंड, मधला पट्टा, वरचा पट्टा यांचा स्वर आणि आवाज वेगवेगळा ठरवता येतो. मूठही थरथरते. बाईंनी लोखंडाचा आवाज शून्य करावा आणि बाकी सगळे स्वर ७०० हर्ट्झच्या खाली आणावेत. मग जे ऐकू येईल ते उकरण्याजोगंच असेल.

दर्यावेंगुर्ला
५ नोव्हेंबर, रात्री ८.४५

माझो एक अनुभव सांगतंय, बाईंक उपयोगी पडात. ब्लूटूथ हेडफोन घेतलंत तर साधो घेव नका. तेचो आवाज उशिरान येता.

(बाकी प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून.) साध्या ब्लूटूथला पाव सेकंदाच्या आसपास उशीर होतो. तुम्ही कॉइल सेकंदाला एक मीटर अशी फिरवत असाल तर आवाज येईपर्यंत कॉइल वीतभर पुढे गेलेली असते. मी दोन महिने प्रत्येक खड्डा वीतभर बाजूला खणत होतो. कमी उशिराचं ब्लूटूथ मिळतं, त्यात उशीर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका असतो, म्हणजे चारेक सेंटिमीटर. ते चालतं. नाहीतर सरळ वायरचा हेडफोन.

आणि कानातल्या यंत्रात ब्लूटूथ आहे म्हणून डिटेक्टर थेट त्याला जोडता येईल असं दुकानदार म्हणाला तर त्याच्यासमोर जोडून बघा. बहुतेक श्रवणयंत्रं फोनशी त्यांच्या खास पद्धतीने बोलतात, डिटेक्टर ती भाषा बोलत नाही.

सुरूबन
६ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

टेलिकॉइलचं, म्हणजे श्रवणयंत्रातल्या आवाज थेट पकडणाऱ्या बारीक तारेच्या वेटोळ्याचं काय? माझ्या यंत्रात ती सोय आहे, गळ्यात घालायचा लूप हेडफोनच्या खाचेत लावला की आवाज थेट यंत्रात येतो. सभागृहात मी वापरतो.

कानगोष्ट
६ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

कल्पना चांगली आहे आणि यंत्राचा माइक बंद राहत असल्याने वाऱ्याचा आवाजही जातो. पण टेलिकॉइल ही चुंबकीय लहरी ऐकणारी वस्तू आहे आणि डिटेक्टर चुंबकीय लहरी सोडणारी. आधी उसना लूप घेऊन बघा. गुणगुण आली तर नाद सोडा. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं यंत्र) असलेल्यांनी मात्र आपल्या इम्प्लांट केंद्राला विचारल्याशिवाय काहीही करू नये.

नाणेघाट
६ नोव्हेंबर, रात्री १०.००

बाईंनी आकड्यांबद्दल विचारलं होतं, ते राहूनच गेलं.

आकड्यांवर काम होतं, पण आकडे परदेशी व्हिडिओ बघून पाठ करू नका. तिकडची नाणी वेगळी. आपली आजची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत, मशीन त्यांना लोखंडात ढकलतं किंवा आकडा नाचवतं. पाच रुपयांचं पितळी नाणं वेगळं दिसतं, तांब्याचं जुनं नाणं आणखी वेगळं. अंगणात एकेक वस्तू जमिनीवर ठेवून स्वतःचा तक्ता करा. जोडवी, पैंजण, अंगठी, बूच, गुटख्याची पुडी, गळाचं शिसं, सगळं.

सोन्याचा एकच असा आकडा नसतो. बारीक अंगठी खाली, जाड पाटली वर. आणि वाईट असं की बारीक सोनं, चांदीचा कागद आणि थंड पेयाच्या डब्याची कडी एकाच पट्ट्यात येतात. सोनं शोधायचं तर कड्या उकराव्याच लागतात, त्यात कानवाला आणि बिनकानाचा सारखेच.

मंगळसूत्राविषयी खास सांगतो, कारण बाईंची सुरुवात तिथून झाली आहे. बारीक साखळी मशीनला नीट दिसत नाही. प्रत्येक कडी सुटी, इवलीशी, आणि मशीन एकेका कडीकडे बघतं. जे दिसतं ते वाट्या. वाटी हा सलग पत्रा आहे. म्हणून घरच्या मंगळसूत्राच्या फक्त वाट्या कॉइलखाली धरून त्यांचा आकडा लिहून ठेवा. शोधताना तुम्ही मंगळसूत्र नाही, वाटी शोधताय असं समजा. कॉइल लहान घ्या आणि हात हळू फिरवा.

पुळणवाट
६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

हे वाचून त्या दिवशीच्या चुका कळल्या. आम्ही साखळी हाताला लागेल म्हणून बोटं फिरवत होतो.

वेळासवाट
७ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

बाई, मशीन घ्यायच्या आधी तीन गोष्टी. यात कानाचं काही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले आणि तुमच्या गुहागरलाही. घरटं भरतीच्या रेषेच्या वर, हात-दीड हात खोल, आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर जे काम उभं केलं ते एका फावड्याने मोडू शकतं. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. या महिन्यांत भरतीच्या रेषेच्या वर खणू नका, रात्री दिवा घेऊन फिरू नका, आणि गावातल्या कासवमित्रांना आधी भेटा. ते तुम्हाला घरट्यांच्या जागा सांगतील.

दुसरं, किल्ल्यांच्या जवळ मशीन काढू नका. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग संरक्षित आहेतच, २०२५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीतही गेले. तिथल्या मातीतला खिळासुद्धा आपला नव्हे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. दिवेआगरला १९९७ मध्ये पोफळीच्या वाडीत सोन्याचा गणपती निघाला, तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येकाला वाटतं की मशीन म्हणजे गुप्तधन. हा गैरसमज तुमच्याबद्दल होऊ देऊ नका.

तिसरं त्यातूनच येतं. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत आधी सांगून ठेवा, लेखी. १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं दिघी-शेखाडीला उतरल्यापासून किनाऱ्यावर अवेळी खणणाऱ्या माणसाकडे संशयाने बघतात, आणि त्यात चूक काही नाही.

नाखवा_हर्णै
७ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

आणि बाई, दर्याकडे पाठ करून उकरायला बसू नका. ज्याला गाज नीट ऐकू येत नाही त्याला मोठी लाट पाठीवर आपटल्यावरच कळते. हेडफोन लावलात तर मागून कुणी ओरडलेलंही ऐकू येत नाही. मी कायम दर्याकडे तोंड करून, एक गुडघा टेकून बसतो. बरोबर नातू असतो, त्याने शिटी मारायची नाही, खांद्याला हात लावायचा, असं ठरलेलं आहे. पाण्यात उतरताना कानातली यंत्रं डबीत. खारं पाणी त्यांना खातं.

पुळणवाट
२९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

मंडळी, तीन आठवडे गायब होते, आता सगळं एकदम लिहिते.

आधी यंत्रांचा नवा प्रोग्राम करून घेतला. भाच्याने मशीनचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवला होता, तो दवाखान्यात वाजवला. जुन्या प्रोग्रामवर दोन सेकंदांत सूर विरला. नव्या प्रोग्रामवर पूर्ण ऐकू आला. मी तिथे खुर्चीत बसून चक्क रडले. ताई, तुमच्या त्या एका परिच्छेदाचे उपकार आहेत. घरी येऊन त्याच प्रोग्रामवर पेटी ऐकली.

नंतर जांभाकाठ दादांनी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर दोन मशीनं हातात दिली. एक त्यांचं लेजेंड, दुसरं त्यांच्या मित्राचं एका फ्रिक्वेन्सीचं. कोरड्या वाळूत दोन्ही सारखीच वाटली. ओल्या पट्ट्यात गेल्यावर एका फ्रिक्वेन्सीचं मुठीत सारखं थरथरत राहिलं, खाली काही नसतानाही. लेजेंड किनाऱ्यासाठीच्या बीच मोडवर शांत राहिलं. दादा म्हणाले होते ते माझ्या तळहाताला कळलं.

मग त्यांनी मला पाठ करून उभं केलं आणि सहा वस्तू पुरल्या. लोखंडाचा आवाज शून्य, बाकी स्वर खाली, थरथर मध्यावर, कानावर मोठ्या वाटीचा वायरचा हेडफोन. सहांपैकी खिळे दोन, ते मशीनने गिळले. उरलेल्या चारांपैकी जोडवं, पाचाचं नाणं आणि माझ्या मंगळसूत्राची वाटी मला मिळाली. चौथी नातीची बारीक कानातली होती, ती मी ओलांडून गेले. पुन्हा सांगितल्यावरही हाताला काही लागलं नाही, आवाज मात्र अगदी पुसट आला. म्हणजे बारीक वस्तूला थरथर कामाची नाही, कानच लागतो, हे माझ्यापुरतं मी लिहून ठेवलं आहे.

लेजेंड घेतलं. वजन दीड किलोच्या आसपास, अर्ध्या तासाने खांदा भरून येतो, म्हणून हात बदलायला शिकतेय. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. ग्रामपंचायतीने नोटीस फळ्यावर माझा नंबर लावला आहे, "पुळणीवर दागिना हरवल्यास" म्हणून. कासवमित्रांनी तीन घरट्यांच्या जागा दाखवल्या, तिकडे मी फिरकत नाही.

एक अडचण उरली. मोठं मशीन जागा दाखवतं, पण खड्ड्यात नेमकं कुठे आहे ते शोधताना मी फार वाळू उपसते. भरती वाट बघत नाही.

नाखवा_हर्णै
२९ नोव्हेंबर, रात्री ९.००

पिनपॉइंटर घ्या बाई. गाजराएवढी काठी असते, खड्ड्यात खुपसायची, धातूजवळ गेली की थरथरते. जेवढी जवळ तेवढी जोरात. गॅरेटचा प्रो-पॉइंटर एटी माझ्याकडे आहे, पाण्यातही चालतो. त्याला आवाजाची गरजच नाही, मी त्याचा आवाज बंद ठेवतो. आणि फावड्याऐवजी भोकाभोकाची लोखंडी चाळणी बनवून घ्या, लोहार करून देतो. ओली वाळू तिच्यातून पाण्यातच गळून जाते. फक्त मशीन चालू असताना ती कॉइलपासून लांब ठेवा.

सुरूबन
२९ नोव्हेंबर, रात्री ९.३५

बाई, मी तुमच्याच गावचा, दोन वाड्या सोडून. माझेही कान तसेच आहेत. मला शिकवाल का? तुम्ही शोधाल तेव्हा मी दर्याकडे लक्ष ठेवीन, मी शोधेन तेव्हा तुम्ही.

पुळणवाट
२९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

या की. अवसेला-पुनवेला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणजे उजाडताना ओहोटी मोठी मिळते आणि ओला पट्टा लांबवर उघडा पडतो. येत्या पुनवेला सकाळी सहाला सुरूच्या बनापाशी या. हेडफोन स्वतःचा आणा, आणि घरातली जोडवी-वाट्या जे असेल ते घेऊन या, आधी तुमचा तक्ता करू.